ॲझटेकांचे तिसरे प्रकरण

सावेडी, अहमदनगर
६ जानेवारी १९७२

तीर्थरूप अक्का हिस भिमाजीचा साष्टांग नमस्कार.

तारेत चूक नाही. तू सांगितलेस म्हणून काल कॅन्टोन्मेंटमध्ये जाऊन आलो. तिथल्या सुभेदारांनी रेकॉर्ड ऑफिसला विचारून नंबर, नाव, गाव सगळे ताडून पाहिले. नंबर आपल्या सहादेवचाच आहे आणि तो पाच डिसेंबरपासून बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे नेमके काय, हे मी त्यांना दोनदा विचारले. ते म्हणाले, "गेला म्हणायला प्रेत नाही आणि आहे म्हणायला माणूस नाही. याच्या पुढे बोललो तर ते माझ्या पदरचे होईल." माणूस सरळ वाटला.

रविवारी तार घेऊन राजूरला आलो तेव्हा तू एकही प्रश्न विचारला नाहीस, उलट मलाच चहा करून दिलास. एसटीत बसेपर्यंत त्याचे काही वाटले नाही, घाट उतरताना तुझी काळजी वाटू लागली. तुझा मुलगा, माझा भाचा, आणि त्याला पहिला पाढा मी शिकवलेला. सूनबाईला, गीताला, तेवढे सांभाळ.

एक काम तुझ्यावर टाकतो आहे. साप्ताहिकातून निवृत्त झालो तरी छापखान्याचा फेरा चुकत नाही. मालकांनी शाळांच्या वाचनालयांसाठी परदेशच्या जुन्या लोकांवर पुस्तिका काढायचे ठरवले आहे. माझ्या वाट्याला ॲझटेक आले. मेक्सिको देशातले, साडेचारशे वर्षांपूर्वीचे. चौसष्ट पाने, पाच प्रकरणे. पूर्वीसारखेच कर, तुझ्या शाळेत चौथीच्या वर्गात वाचून दाखव आणि पोरे कुठे अडतात ते कळव. तेवढेच तुझे मनही कशात तरी राहील. पहिले प्रकरण सोबत आहे, घरे, जेवण आणि बाजार.

कंपोझिटर छगन आत्ताच वैतागला आहे. त्यांच्या सूर्यदेवाचे नाव हुइत्झिलोपोच्ट्ली. तो म्हणतो, "साहेब, हा देव पानात चारदा आला तर माझ्या खणातले ट आणि ल यांचे खिळे संपतील. याला नुसतं सूर्यदेव म्हणलं तर कोपेल का?"

तुझा,
भिमाजी


राजूर
१९ जानेवारी १९७२

चि. भिमाजीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि प्रकरण मिळाले. संक्रांत झाली. गीता कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही आणि कुणी तिला बोलावायलाही आले नाही. आळीतल्या बायका वाईट नाहीत. बोलवावे की न बोलवावे, हेच त्यांना कळेना. बाई सवाष्ण आहे की नाही हे ज्या घरालाच ठाऊक नाही, तिथे शेजाऱ्यांनी काय करावे?

प्रकरण तीन दिवस पुरवून वाचले. तू लिहिलेस की ॲझटेक बायका पहाटे उठून भिजवलेला मका दगडावर वाटत, त्याच्या भाकरी थापत आणि मिरचीला लावून खात. पोरांना यात नवल काहीच वाटले नाही. "बाई, ही तर आपलीच मानसं," एक पोरगी म्हणाली. मग मी त्यांना सांगितले की मिरची आणि मका त्याच लोकांच्या मुलखातून आपल्याकडे आले. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. मिरची बाहेरून आली असेल तर आधी लोक जेवत कसे होते, हा त्यांचा प्रश्न. 

तळ्यात गाळाचे वाफे करून शेती, तेही आवडले. बाजाराचे फार आवडले. साठ हजार माणसे येत, पिसे, मीठ, ससे, औषधाच्या मुळ्या, सगळ्याच्या वेगळ्या ओळी. ठाकरवाडीच्या पोराने विचारले, "हिरडा कुठल्या वळीत?" मला आपले दादा आठवले. हिरड्याचे गाठोडे डोक्यावर, एका हाताशी तू, दुसऱ्या हाताशी मी, आणि बाजार आला की आपल्या दोघांना एका गोणपाटावर बसवून म्हणायचे, "हितनं हललात तर इकून टाकीन." तू रडायचास. मी वाट बघायचे, कोण घेतो ते.

खोडकर पोरांना ते लोक मिरचीच्या धुरावर धरत, हे वाचल्यावर मागची पोरे मांडी घालून ताठ बसली. आईने तुला एकदा तशीच धमकी दिली होती, गुळाच्या ढेपेवरून. गूळ मी खाल्ला होता. पन्नास वर्षे सांगायचे राहून गेले.

दुसरे प्रकरण पाठव.

अक्का


सावेडी
१८ फेब्रुवारी १९७२

ती. अक्का हिस सा. नमस्कार.

गुळाचे मला तेव्हाच ठाऊक होते. तुझ्या परकराला लागला होता.

मधल्या आठवड्यात पाठवलेले देवांचे प्रकरण पोचले असेलच. आज तिसरे पाठवतो, लढाईचे. परवा कॅन्टोन्मेंटच्या दवाखान्यात सहादेवच्या तुकडीतल्या एका जवानाला भेटून आलो. गोरक्ष नाव, पाथर्डीकडचा. पायाला लागले आहे, बरा होईल. विशेष काही कळले नाही.

या प्रकरणावर मी मेहनत घेतली आहे. पोरांना लढाई म्हणजे तलवार आणि मुंडकी एवढेच माहीत असते. ॲझटेकांचे वेगळे होते. मी असे लिहिले आहे:

"मुलगा जन्मला की सुईण त्याला सांगे, तुझे घर हे नव्हे, तुझे घर रण आहे. त्याची नाळ शिपायांच्या हाती देत आणि ते ती दूर रणभूमीत पुरत. मुलीची नाळ चुलीजवळ पुरत. मुलगा मोठा झाला की मानेवर केसांची एक बट राखे. पहिला शत्रू पकडीपर्यंत ती कापायची नाही. शिपायाचा मोठेपणा त्याने किती मारले यावर मोजत नसत, किती जिवंत धरून आणले यावर मोजत. पकडणारा पकडलेल्याला म्हणे, हा माझा लाडका मुलगा. पकडलेला म्हणे, हे माझे वडील. मग त्याला नगरात नेऊन जपत, खाऊपिऊ घालत."

पोरे कुठे अडली ते कळव. चौथे प्रकरण लिहून व्हायचे आहे.

भिमाजी


राजूर
२० मार्च १९७२

चि. भिमाजीस आशीर्वाद.

समजले.

मी तीनदा वाचले. वर्गात वाचायच्या आधीच समजले होते, तरी खात्रीसाठी पुन्हा वाचले. तू सरळ का लिहू शकत नाहीस तेही कळते. लष्कराचे काम, पत्र कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. बेचाळीस साली तू विसापूरच्या तुरुंगात होतास तेव्हा तुझी पत्रे जेलर वाचून मगच सोडायचा. तू लिहायचास, "तांबड्या गायीने दावे तोडले, डोंगराकडे गेली." आपल्या घरी गायच नव्हती. मी दादांना सांगायचे, तुझा सोबती कानिफनाथ पळाला, भंडारदऱ्याकडे गेलाय, भाकरी पाठवा. एकदाही चुकले नाही. तीस वर्षांत हात मोडला असेल असे तुला वाटले का?

आता इकडचे ऐक. गेल्या महिन्यात भावजी आले होते, कोंडीराम. बरोबर गावातले चार जण. म्हणाले, "वयनी, लई दिस झालं. पोराचा आत्मा ताटकळत ठिवू नगा. दहावं उरकून टाकू." मी विचार करते म्हणाले होते. खरे सांगायचे तर मन तयार होत आले होते. गीतासमोर बोलणे झाले. ती ऐकून उठून गेली आणि त्या दिवसापासून तिचे अन्न सुटले. ताटावर बसायची आणि उठायची. हाडे दिसू लागली. आणि तेवढ्यात तुझे पाकीट आले.

मी भावजींना निरोप पाठवला, दहावे होणार नाही. कारण सांगितले नाही. गीताला मात्र सांगितले, जिवंत धरलाय, चांगला ठेवलाय, मामांनी कळवलंय. ती उठली आणि भाकरी थापायला बसली. परवा पाडव्याला हिरवा चुडा भरून आली. साळूबाई भरायला घेऊन गेली होती. तुला आठवत असेल, सहादेव तिच्या हातावर झाला. तिला मी नाळेचे वाचून दाखवले तर म्हणाली, "त्याची नाळ म्या परसात पुरलीया, रनात न्हाई. ती बसंल का त्याला तिकडं राहू देत?"

देवांचे प्रकरण पोरांनी गाजवले. राजगिऱ्याच्या पिठात मध कालवून ते लोक देवाची मूर्ती करत आणि सणाच्या शेवटी मोडून सगळे मिळून खात, यावर वर्ग दोन दिवस हसत होता. "बाई, देव खायाचा?" साळूबाईला त्याचे काही वाटले नाही. म्हणाली, "मंग आपुन एकादशीला राजगिऱ्याचा लाडू खातो त्यो काय हाय?"

चौथे प्रकरण लवकर पाठव. धरून नेल्यावर पुढे काय करतात, कधी सोडतात, ते त्यात असेल ना?

अक्का


सावेडी
२९ एप्रिल १९७२

ती. अक्का हिस सा. नमस्कार.

तुझी दोन कार्डे आली. दोन्हींत एकच ओळ, चौथे प्रकरण कुठे आहे. मी छापखान्याची सबब सांगितली. ती खोटी होती. प्रकरण मार्चमध्येच लिहून झाले आहे.

अक्का, तिसऱ्या प्रकरणात मी तुला काही कळवले नव्हते. ते ॲझटेकांचे प्रकरण होते, दुसरे काही नाही. लिहिताना मला सहादेवची आठवणही झाली नाही. हे कबूल करायला मला सर्वांत जड जाते. वेळेत मजकूर द्यायचा, जुनी सवय. 

आता जे कळवायला हवे होते ते लिहितो. गोरक्ष म्हणाला की पाच तारखेला कालव्याच्या कडेला त्यांच्यावर मारा झाला. सहादेव पुढे होता. "पालथा पडला हुता. म्या दोन हाका मारल्या. हालला न्हाई. मंग मागं यायचा हुकूम आला." दुसऱ्या दिवशी ते तिथे गेले तेव्हा जागेवर कुणी नव्हते. गोरक्ष रडत होता. मी त्याला पाणी दिले, घरी आलो आणि तुला "विशेष काही कळले नाही" असे लिहिले. तुला सावकाश, समोर बसून सांगेन असे ठरवले होते. आणि मग तुझे पत्र आले, त्यात चुडा होता.

चौथे प्रकरण सोबत आहे. वाचू नकोस असे म्हणालो तरी तू वाचशील. पकडलेल्याला ते जपत हे खरे. पण सणाच्या दिवशी देवळाच्या पायऱ्या चढवून वर नेत आणि शिळेवर आडवा टाकून काळीज काढून सूर्याला देत. रक्त मिळाले नाही तर सूर्य उगवणार नाही, असे त्यांना मनापासून वाटे. लाडका मुलगा म्हणत ते याआधी.

तू म्हणशील ती शिक्षा.

भिमाजी


राजूर
१६ मे १९७२

चि. भिमाजीस आशीर्वाद.

चार दिवस मी शाळेला रजा टाकली. कुणाला काही सांगितले नाही. पाचव्या दिवशी शाळेत गेले आणि चौथे प्रकरण वाचून दाखवले. सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा आठवडा होता, वर्गात अकराच पोरे होती.

रक्ताला ती घाबरली नाहीत. म्हसोबाला कोंबडे आणि बोकड लागतो हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. एकाने विचारले, "मानूस दिल्यावर तरी पाऊस यायचा का?" मी म्हणाले, त्यांना वाटायचे येतो. मग मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, त्या धरून आनलेल्याची आई कुठं हुती?"

मी पाने चाळली. भिमाजी, तुझ्या पुस्तकात राजा आहे, पुजारी आहे, शिपाई आहे, सुईण आहे, मिरचीच्या धुरावर धरलेला पोरगासुद्धा आहे. तिकडच्या गावात जी बसून राहिली ती नाही. तिला कुणी कळवत होते का? तिने कधी कुणाचे दहावे करायचे? शोधून लिही. पोरीला मी कबूल केले आहे.

शिक्षेचे विचारतोस. चूक माझी होती. तू गाय लिहिलीस की मी माणूस वाचायचे, ती सवय मीच मोडली नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. तू फेब्रुवारीत गोरक्षचे सांगितले असतेस तर मी दहावे केले असते आणि गीता तेव्हाच संपली असती. म्हणजे तुझ्या न सांगण्याने आणि माझ्या चुकीच्या वाचण्याने मिळून ती तीन महिने जेवली. आता मी कुणावर रागवायचे, हे मला कळत नाही, म्हणून तुझ्यावरच रागावते.

गीताला मी सांगितलेले नाही. दहावेही करणार नाही. पालथा पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता, एवढे गोरक्षनेच सांगितले आहे ना? तेवढ्यावर बघू.

अक्का


सावेडी
२२ ऑगस्ट १९७२

ती. अक्का हिस सा. नमस्कार.

पोरीच्या प्रश्नासाठी तीन महिने गेले. कॉलेजच्या ग्रंथालयातली दोन जाडी इंग्रजी पुस्तके वाचली. पकडलेल्याच्या आईबद्दल मला कुठे काही सापडले नाही. ज्यांनी लिहून ठेवले ते जिंकणाऱ्यांच्या गावात बसून लिहीत होते. एवढेच मिळाले की नवरा स्वारीवर गेला की ॲझटेक बाई तो येईपर्यंत तोंड धूत नसे. अंधारात उठून रस्त्यापर्यंत झाडून काढी, छोट्या भाकरी करून देवापुढे ठेवी. हे मी तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी घातले आणि खाली लिहिले, "समोरच्या गावात काय होत असे, ते कुणी लिहून ठेवलेले नाही." मालकांना ते वाक्य रुचले नाही. म्हणाले, पुस्तकात माहिती असावी, माहिती नाही हे कशाला सांगायचे. पण राहू दिले.

पाऊस नाही. सावेडीत टँकर येतो. तुमच्याकडे भाताचे कसे आहे? शाळेत पोरांना खायला दुष्काळाची सुकडी सुरू झाली असे ऐकतो. लहानपणी श्रावणात आपल्या घरात कोरडा कोपरा सापडत नसे, आणि आई आपल्याला चुलीच्या मागे झोपवायची. ती ओल आता कुणी सांगितली तर खरी वाटणार नाही.

सिमल्याच्या कराराने कैद्यांच्या देवघेवीचे बोलणे सुरू झाले आहे. सुभेदारांकडे दर आठवड्याला जातो. काहीही कळले, चांगले की वाईट, तर त्याच दिवशी लिहीन.

भिमाजी


सावेडी
५ डिसेंबर १९७२

ती. अक्का हिस सा. नमस्कार.

आज कळले, आजच लिहितो. परवाच्या शुक्रवारी वाघा हद्दीवरून आपले कैदी परत आले. सुभेदारांनी यादी आणवली होती. दोघांनी मिळून दोनदा वाचली. सहादेवचे नाव तिच्यात नाही.

दुसरी गोष्ट. यादीत कारभारी म्हणून एक जण आहे, संगमनेरजवळच्या वाडीचा. सहादेवच्याच तुकडीतला. पाच डिसेंबरला त्याच कालव्यावर तो पकडला गेला. म्हणजे गोरक्ष मागे फिरल्यानंतर तिथे काय झाले, हे पाहणारा तो एकटा. तपासणी, चौकशी होऊन पंधरवड्यात घरी पोचेल असे त्याच्या भावाने सुभेदारांना सांगितले.

मी आधी एकटा जाऊन त्याला भेटतो. काय ते नीट ऐकून घेतो आणि तुला अक्षर न गाळता लिहितो. तू आणि सूनबाई मागाहून पाहिजे तर या.

पुस्तक छापून आले. दहा प्रती पाठवतो. छगनने शेवटपर्यंत देवाचे पूर्ण नाव जुळवले.

भिमाजी


राजूर
९ डिसेंबर १९७२

चि. भिमाजीस आशीर्वाद.

तू त्याच दिवशी लिहिलेस हे चांगले केलेस.

पत्र आले तेव्हा गीता दारात होती. तिने पाकीट माझ्या हाती दिले आणि उभी राहिली. मी वाचून घडी घातली तरी हलली नाही. मग मी तिला सगळे सांगितले, यादीचे, आणि गोरक्षचेही.  ती म्हणाली, "गोरक्षचं मला ठाव हाय, आत्याबाई. मामांचं पत्र तुमी पिठाच्या डब्यामागं ठिवलंत. तिथलं मीच पुसते. मी चौथी शिकलीया."

मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"तुमी शाळंत जायला लागला हुतात. म्हनलं, जाऊ द्यावं."

म्हणजे मेपासून या घरात दोन बायका एकमेकींना सांभाळत एकाच ताटात जेवत होत्या. मी एवढे हसले की साळूबाई डोकावून गेली, सुतक की लग्न ते बघायला. मग दोघी पुष्कळ वेळ रडलो. हे एक वर्षापूर्वीच करायला हवे होते.

कारभारीकडे तू आधी जाऊ नकोस. तू अक्षर न गाळता लिहिशील यावर माझा विश्वास आहे, पण लिहिलेले वाचायचे काम आता मला नको. त्याच्या भावाला तेवढा निरोप दे, सतरा तारखेला रविवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघी निघतो, अकोलेमार्गे संगमनेरला दहापर्यंत पोचू. तोवर तो आला नसेल तर त्यांच्याकडे थांबू. तू नगरहून परस्पर ये. पण बोलू नकोस. मीही बोलणार नाही. काय विचारायचे ते गीताने ठरवले आहे, आणि तिने मला ते सांगितलेले नाही.

अक्का